बंदूक आहे, काडतुसाचे काय?

बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पासबुक भरायला, पेन्शन काढायला, लॉकर उघडायला आपण त्याच्या समोरूनच आत जातो. दुपारची वेळ असेल तर तो खुर्चीत जरा पेंगुळलेला असतो. बंदूक दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी असते, खांद्यावरून तिरका गेलेला कातडी पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात ओळीने खोवलेली काडतुसे असतात. लहान मुले आईचा हात सोडून त्या काडतुसांकडे टक लावून पाहतात. मोठी माणसे पाहत नाहीत. बंदूक आहे ना, मग झाले, असा आपला हिशेब असतो.

हा हिशेब अर्धाच आहे. बंदूक म्हणजे शेवटी लोखंडाची एक नळी आणि चार खटके. काम करते ते काडतूस. बंदूक पुसून-तेल देऊन नीट राखली तर दोन पिढ्या टिकते. काडतूस मात्र नाशवंत असते. घरातली गृहिणी लोणच्याच्या बरणीची जेवढी काळजी घेते, तेवढीही आपण बंदुकीतल्या दारूची घेत नाही. आणि याची किंमत मोजायची वेळ येते ती बंदूक विकत घेणाऱ्यावर नव्हे, ती हातात घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला लांब जायला नको. देवगिरीचा किल्ला शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर उभा आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा राजा रामदेवराय किल्ल्याच्या आश्रयाला गेला. घाईघाईत धान्याची म्हणून पोती वर नेली गेली आणि वेढा पडल्यावर उघडून पाहिली तर त्यात मीठ निघाले, असे फरिश्त्याने आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे. कडा जागच्या जागी होता. दगा दिला तो पोत्यांनी, आणि ती वेळेवर उघडून पाहायचे कोणाला सुचले नव्हते.

काडतुसाचे असेच असते. ते बाहेरून धान्यासारखे दिसते.

त्याचे भाग चार. एक पुंगळी, बहुधा पितळेची; बारा बोअरच्या काडतुसात प्लॅस्टिकची किंवा जाड कागदाची. तिच्या तळाशी बसवलेली बारीकशी टोपी. आत दारू. आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. चाप ओढला की सुई टोपीवर आदळते, टोपीतला मसाला पेटतो, तो दारू पेटवतो आणि दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो. एवढी सगळी कामे डोळ्याचे पाते लवायच्या आत व्हावी लागतात आणि प्रत्येक काम आधीच्या कामावर अवलंबून असते.

बार का फसतो हे कळायला शस्त्रशाळेत जायची गरज नाही. दिवाळी पाहिलेल्या कोणालाही ते माहीत आहे. पावसाळाभर माळ्यावर राहिलेले फटाके सादळतात. मग एखादा नुसताच फुसफुसतो, एखादा वात जळूनही गप्प राहतो आणि मुले जवळ गेली की अचानक उडतो. काडतूसही हेच करते. कधी टोपी पेटतच नाही. कधी बार क्षणभर उशिराने होतो. म्हणून चाप ओढूनही आवाज झाला नाही तर नळीचे तोंड मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, असे शिकवले जाते. न उडालेल्या फटाक्याजवळ जाऊ नकोस, असे आई सांगते त्यातलाच हा प्रकार. आणि कधी दारू अर्धवट पेटते, गोळी नळीत मध्येच अडकते. हा तिसरा प्रकार सर्वांत वाईट. आवाज कमी आला हे गडबडीत लक्षात आले नाही आणि पाठोपाठ दुसरी गोळी झाडली, तर नळी झाडणाऱ्याच्या हातात फुटते.

आता रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक. आपल्याकडे बोलताना दोन्हींना पिस्तूलच म्हणतात, पण काडतुसाच्या दृष्टीने ती दोन वेगळी कुळे आहेत. रिव्हॉल्व्हरला फिरते चक्र असते आणि ते फिरते माणसाच्या बोटाच्या जोरावर. एक काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढावा. चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. त्यात झाडलेल्या काडतुसाच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढे येताना तो भाग खालच्या मॅगझिनमधले नवे काडतूस आत घेऊन जातो. म्हणजे एकाच काडतुसावर दोन कामे सोपवलेली: गोळीला पुढे ढकलायचे आणि यंत्राला पुढच्या बारासाठी तयार करायचे. काडतूस कमजोर असले तर गोळी कशीबशी सुटते, पण वरचा भाग पुरता मागे जात नाही. मग रिकामी पुंगळी दारात बोट अडकावे तशी अडकून बसते. गोळीचे टोक गोलाऐवजी चपटे किंवा पोकळ असेल, तर काही पिस्तुलांत ते आत शिरताना नळीच्या कडेला अडते. पिस्तूल तेच, हातही तोच. काडतुसाची जात बदलली की स्वभाव बदलतो.

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांना हे लगेच पटेल. मशीन नामांकित कंपनीचे असते, तेलपाणीही वेळेवर झालेले असते. पण सुई एका नंबरची आणि दोरा भलत्याच जाडीचा लावला की खाली गुंता ठरलेला. दोष मशीनचा नसतो, दोऱ्याचाही नसतो. जोडी जमलेली नसते.

आपल्या देशात या जोडीचा प्रश्न आणखी अवघड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने नऊ मिलिमीटर, पॉइंट अडतीस अशी पोलीस आणि सैन्याच्या वापरातली मापे सामान्य परवानाधारकाला बंद केली. त्यामुळे त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले ते पॉइंट बत्तीस. पण हे बत्तीसही दोन प्रकारचे. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस लांब, तळाला ठळक कड असलेले. पिस्तुलाचे बत्तीस आखूड, जॉन ब्राउनिंगच्या १८९९ च्या आराखड्यातले. आकडा एक असला तरी एकाचे दुसऱ्यात चालत नाही. पिस्तुलाच्या बत्तीसलाही तळाशी अगदी बारीक कड असते. नेहमीपेक्षा आखूड गोळीची काडतुसे मॅगझिनमध्ये भरली तर ती आत पुढेमागे हलतात, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. मग चाप कितीही ओढा, पिस्तूल म्हणजे हातातला दगड.

काडतुसे बनतात ती आपल्या महाराष्ट्रातच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुंगळीच्या तळावर जी ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात ती खडकीच्या कारखान्याचीच, जुन्या इंग्रजी उच्चारातल्या ‘किर्की’ची. बारा बोअरची ‘शक्तिमान एक्सप्रेस’ तिथलीच. सैन्याच्या रायफलींची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला १९६४ पासूनच्या कारखान्यात होतात. २०२१ साली देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा हे दोन्ही म्युनिशन्स इंडियाकडे आले. काडतूस आपल्याला परके नाही. आपल्याच राज्यातल्या कामगारांच्या हातून ते बाहेर पडते. कारखान्यातून निघताना ते तपासलेले असते. त्यानंतर पुढे वीस वर्षे त्याचे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

इतिहासातली दोन उदाहरणे इथे आठवतात. त्या घटनांचे समर्थन की निषेध, हा या लेखाचा विषय नाही. पहिले उदाहरण आपल्या शहराशी जोडलेले आहे. अनंत कान्हेरे हा तरुण औरंगाबादला, म्हणजे आजच्या आपल्या शहरात, शिकायला राहत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हातात होते ते ब्राउनिंग पिस्तूल. सावरकरांनी त्या वर्षी लंडनहून अशी वीस पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती आणि सोबत काडतुसेही पाठवली होती. पिस्तूल आणि त्याला साजेसे, ताजे काडतूस एकत्र आले होते. जॅक्सन जागीच मरण पावला.

दुसरे उदाहरण पुण्यातले. सोलापूरच्या मार्शल लॉमुळे संतापलेल्या वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ती हॉटसन यांच्या छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि ते वाचले. या योगायोगाची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली. माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्या मनात मात्र बटणापेक्षा काडतुसाचा प्रश्न येतो. हातभर अंतरावरून सुटलेली गोळी एका बटणाने अडत असेल, तर त्या काडतुसात दम किती उरला असेल?

ही झाली एकेकट्या माणसांची गोष्ट. सरकारे हीच चूक करतात तेव्हा ती हजारपट होते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने आपल्या जवानांना एम-१६ ही नवी रायफल दिली. ती ज्या दारूवर तपासून घेतली होती ती दारू काडतुसात बदलण्यात आली. नव्या दारूने रायफलीचा वेग वाढला आणि आत काजळीही जास्त धरू लागली. वर, या बंदुकीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरवला गेला होता, पुरेसे सामानही दिले नव्हते. ऐन लढाईत पुंगळ्या आतच अडकू लागल्या. मेलेल्या जवानांशेजारी उघडलेल्या रायफली सापडल्या. अडकलेली पुंगळी काढता काढता त्यांना गोळी लागली होती. जवानांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती लोकप्रतिनिधींकडे नेली आणि १९६७ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. दारू बदलण्याचा निर्णय हे बिघाडाचे एक मोठे कारण असल्याचे त्या चौकशीत निघाले. कागदावर तो एक साधा पुरवठ्याचा निर्णय होता. कोणीतरी टेबलाशी बसून त्यावर सही केली होती.

आपल्याकडचा दाखला याहून जवळचा आणि अजून ओला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले, तेव्हा त्यांच्यासमोर होते लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेतलेले पोलीस. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि नंतर हाताला आली ती खुर्ची उचलून अतिरेक्यांवर भिरकावली. निरीक्षक शशांक शिंदे त्याच स्थानकावर धारातीर्थी पडले. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी पकडून ठेवली आणि छातीवर गोळ्या झेलल्या. या शौर्याला उभा देश नमस्कार करतो, आणि केलाच पाहिजे. पण नमस्कार करून झाल्यावर एक प्रश्न उरतो: खुर्ची फेकायची वेळ का यावी?

माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने २००९ साली या हल्ल्याच्या वेळच्या तयारीचा अहवाल दिला. पोलिसांना सरावासाठी पुरेसा दारूगोळा मिळत नव्हता, ही त्यातली एक नोंद. सराव म्हणजे नेम सुधारण्याचा वर्ग, असे आपण समजतो. तो त्याहून अधिक असतो. कुठले काडतूस चांगले आणि कुठले फुसके, हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही, झाडल्यावरच कळते. म्हणून ज्या दलात सराव चालू असतो तिथे जुनी काडतुसे सरावात संपतात, त्यांतले दोष मैदानावरच उघडे पडतात आणि कमरेच्या पट्ट्यात नवी येतात. ज्या दलात सराव थांबतो तिथे माणूसही गंजतो आणि काडतूसही, आणि दोन्ही गोष्टी एकाच रात्री उघडकीला येतात.

आता बँकेकडे परत येतो, कारण माझे अर्धे आयुष्य तिथे गेले. नव्वदच्या दशकात तपासणी अधिकारी म्हणून मराठवाड्यातल्या पुष्कळ शाखा मी पाहिल्या. तपासणीच्या तक्त्यात बंदुकीची एक ओळ असे. परवान्याची मुदत पाहायची, बंदुकीचा नंबर पडताळायचा, काडतुसे मोजायची. तालुक्याच्या गावच्या एका शाखेत रजिस्टर उघडले. काडतुसे दहा, शिल्लक दहा. मागच्या वर्षी दहा, त्याच्या आदल्या वर्षी दहा, आणि तशीच मागे मागे गेलेली ओळ. प्रत्येक वर्षापुढे एकेका अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली बरोबरची खूण. शाखेचा रखवालदार सैन्यातून निवृत्त झालेला, सगळे त्याला सुभेदार म्हणायचे. मी विचारले, “सुभेदार, ही शेवटची कधी झाडलीत?”

तो हसला. “साहेब, एक झाडली तर दहाची नऊ होतील. मग त्या एकीचा जबाब कोण देणार?”

त्याने पट्ट्यातून एक काडतूस काढून माझ्या हातावर ठेवले. काढताना ते कातड्याला चिकटलेले होते. तळाच्या पितळी कड्यावर हिरवा थर चढला होता. आपल्याकडे कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. तेच पितळ कातड्याच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिले की हिरवे पडते. असे काडतूस नळीत घट्ट बसते आणि झाडल्यावर पुंगळी बाहेर निघत नाही. दुनळी बंदुकीत दोन बार. ते झाले, किंवा फसले, की पुढचे सगळे त्या पुंगळीवर अवलंबून. सुभेदार म्हणाला, “बंदूक मी रोज पुसतो साहेब. ती माझ्या हातातली आहे. बार मात्र बँकेचा आहे.”

मी अहवालात लिहिले: काडतुसे बदलावीत, वर्षातून एकदा सरावाची सोय करावी. काही आठवड्यांनी वरून उत्तर आले: सरावाच्या खर्चाची तरतूद नाही, काडतुसांची संख्या रजिस्टरशी जुळत असल्याने मुद्दा निकाली काढण्यात येत आहे.

या उत्तरात वाईट हेतू नव्हता. ते एका पद्धतीचे उत्तर होते, आणि ती पद्धत मला आतून ठाऊक आहे. बँकेत प्रत्येक कागदाला मुदत असते. चेक पूर्वी सहा महिन्यांनी शिळा होई. १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांनी होतो. एक दिवस उलटून गेलेला चेक आम्ही ग्राहकाला विनम्रपणे परत करत असू, मग त्यावर पाचशे रुपये असोत की पाच लाख. आणि त्याच इमारतीच्या दारात एका माणसाच्या पट्ट्यात शिळी काडतुसे खोवलेली असत. त्यांच्यावर आकडा होता, तारीख नव्हती. जी गोष्ट मोजली जाते ती सांभाळली जाते, आणि आम्ही संख्या मोजत होतो. दहाची दहा राहिली हे यश ठरले. खरे पाहता दहाची दहाच राहणे हेच दुखणे होते.

कोणी म्हणेल, जुनी काडतुसेसुद्धा बहुतेक वेळा उडतातच. खरे आहे. कोरड्या, थंड जागी ठेवलेले चांगले काडतूस अनेक वर्षे टिकते. पण आपल्याकडची जागा कशी असते? उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे. पत्र्याच्या छपराखालची लोखंडी पेटी त्याहून तापते. पावसाळ्यात भिंतीला ओल. वर, काळजी म्हणून कोणी काडतुसांनाच तेलाचा हात फिरवतो आणि ते तेल टोपीत झिरपून मसाला निकामी करते. पिस्तूल बाळगणारा रोज सकाळी तेच वरचे काडतूस आत घालतो, रात्री तेच बाहेर काढतो. प्रत्येक वेळी टोकाला ठोका बसून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत सरकते आणि मग बाराचा दाब धोक्याइतका वाढतो. समजा, अशा शंभरांतली पाच काडतुसे फुसकी निघाली. शंभर कर्जांतली पाच बुडाली तरी शाखा चालते, कारण उरलेली पंचाण्णव तिला तारतात. रखवालदाराला अशी सरासरी लाभत नाही. त्याच्या वाट्याला एकच प्रसंग येतो आणि त्या प्रसंगात दोनच बार.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. बँकेतली बंदूक मुळात झाडण्यासाठी नसतेच, ती वचक बसवण्यासाठी असते, शेतातल्या बुजगावण्यासारखी. मग काडतूस ताजे की शिळे, काय फरक पडतो? हा युक्तिवाद मी वातानुकूलित खोल्यांत ऐकला आहे, दारात बसणाऱ्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. बुजगावणे गवताचे असते. दरोडेखोर आत शिरतो तेव्हा त्याची पहिली नजर बंदुकीवर जाते, आणि म्हणून पहिला वार बंदूकवाल्यावर होतो. त्याच्या हातात बंदूक देऊन आपण त्याला निशाण करून ठेवतो. त्या बदल्यात ती बंदूक चालेल एवढी हमी तरी त्याला मिळायला हवी.

घरात परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या भागात जमीनदार, व्यापारी, पुढारी अशा अनेकांकडे ते असते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची अघोरी हौस काहींना असते. ती बेकायदा आहे आणि तिने माणसे मेली आहेत. पण बहुतेकांचे शस्त्र कपाटात साड्यांच्या घडीखाली निजलेले असते. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते, पुन्हा निजते. सोबतची काडतुसे ज्या वर्षी परवाना मिळाला त्याच वर्षीची. अशा शस्त्राने घर सुरक्षित होत नाही. सुरक्षित झाल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे जास्त धोक्याचे, कारण त्याच्या भरवशावर माणूस दार उघडून बाहेर जातो. ज्या जातीचे काडतूस ठेवायचे आहे, त्याच जातीची काही डझन आपल्याच शस्त्रातून रीतसर मैदानावर झाडून पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये. तेवढे जमत नसेल तर शस्त्र रीतसर जमा करावे. घरात लहान मुले असतील तर या सल्ल्याचा विचार आजच करावा.

मग करायचे काय? मोठा खर्च नाही, नवा कायदाही लागत नाही. बँक असो, पतसंस्था असो, कारखाना असो, ज्याने ज्याने माणसाच्या हातात बंदूक दिली आहे त्याने रजिस्टरात संख्येच्या शेजारी काडतुसांच्या खरेदीचे वर्ष लिहावे. धान्याच्या गोदामात आधी आलेले पोते आधी बाहेर जाते, तोच नियम इथे लावावा. काही वर्षांनी जुनी काडतुसे सरावात झाडून संपवावीत, नवी आणावीत, आणि दहाची शून्य होऊन पुन्हा दहा झाली तर तपासणी अधिकाऱ्याने त्याला दोष न मानता कर्तव्य मानावे. काडतुसे कायम कातडी पट्ट्यात ठेवू नयेत. कोरड्या डब्यात ठेवावीत, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावीत. हिरवी पडलेली, पोचा आलेली, गोळी सैल झालेली बाजूला काढून परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा पोलिसांच्या सल्ल्याने त्यांची वासलात लावावी. कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नयेत. वर्षातून निदान एकदा रखवालदाराने त्याच बंदुकीतून, त्याच काडतुसांनी, पोलिसांच्या परवानगीने मैदानावर बार काढावेत. पुष्कळ ठिकाणी रखवालदार आता एजन्सीमार्फत येतो आणि बंदूक त्याची स्वतःची असते. तिथे एजन्सीच्या करारातच ही अट घालावी. काडतुसांचा खर्च त्या गरीब माणसाच्या खिशातून जाऊ नये.

आणि यातले काहीच करायची तयारी नसेल, तर बंदूक दारातून काढून घ्यावी. चांगला धोक्याचा भोंगा, कॅमेरे, मजबूत दार आणि जवळच्या ठाण्याशी जोडलेली तार यांनीही बँक राखता येते. अनेक शाखांनी तसे केले आहे. हा मार्ग कमीपणाचा नाही. दारात निःशस्त्र माणूस बसवला तर तो स्वतःला सांभाळून आधी भोंगा वाजवेल. न चालणारी बंदूक घेतलेला माणूस मात्र आधी बंदूक उचलेल, कारण त्यासाठीच त्याला पगार मिळतो.

शाखांमध्ये ग्राहकांची बैठक होते. तिथे आपण व्याजाचे, पासबुक यंत्राचे, पिण्याच्या पाण्याचे विचारतो. पुढच्या बैठकीत कोणीतरी एवढेही विचारावे: दारातल्या काडतुसांची खरेदी कोणत्या वर्षाची आहे आणि तुमच्या रखवालदाराने शेवटचा बार कधी काढला? व्यवस्थापकाला उत्तर ठाऊक नसेल तर तो रजिस्टर मागवेल. रजिस्टरात तो रकानाच नाही, हे त्याला त्या वेळी कळेल.